तळखडा

आमच्या गच्चीवर कुंड्यांच्या रांगेत एक दगड आहे. काळा, खाली चौकोनी, वर गोलाई घेत गेलेला आणि त्या गोलाईच्या बरोबर मधोमध चार बोटं रुंदीची चौकोनी खाच. पावसाळ्यात खाचेत पाणी साठतं आणि बुलबुल येऊन पितात. नवीन माणूस घरी आला की विचारतो, हे काय, उखळ का? मी सांगते, तळखडा. लाकडी खांबाच्या बुडाशी बसवायचा दगड. सुतार खांब घडवताना तळाशी खुंटीएवढा भाग राखून ठेवतो, तो या खाचेत उतरतो. खांब दगडावर उभा राहतो, जमिनीला टेकत नाही.

हा दगड सदाशिव पेठेतल्या आमच्या वाड्याचा. वाडा पडला तेव्हा मी कॉलेजात होते. दोष कुणाचाच नव्हता असं आता वाटतं. सात बिऱ्हाडं, आजोबांच्या काळातलं भाडं, तीन भावांत वाटणी आणि दर पावसाळ्यात वेगळ्या कोपऱ्यातून गळणारं छप्पर. एक वर्ष कौलं शाकारली की दुसऱ्या वर्षी मागची भिंत फुगायची. शेवटी सगळ्यांनी सह्या केल्या. जुन्या लाकडाचा व्यापारी आला, त्यानं सागवान घनफुटावर मोजून नेलं. दरवाजे एका ट्रकमध्ये, तुळया दुसऱ्यात. तळखडे कुणालाच नको होते, ते राडारोड्यात जाणार होते. बाबांनी दोन हमालांना सांगून एक दगड रिक्षात घातला आणि घरी आणला. बाबा कुठल्याही वस्तूत जीव गुंतवणारे नव्हते, त्यामुळे त्या दिवशी कुणी त्यांना काही विचारलं नाही.

तेव्हापासून मी विश्रामबागवाड्यात जाते. नेमानं नाही. मंडईतून परतताना, अप्पा बळवंत चौकात पुस्तकं घ्यायला गेले की पाय आपोआप वळतात. समोरून बसगाड्या, रिक्षा, तुळशीबागेतून बाहेर पडणाऱ्या बायकांच्या पिशव्या, आणि मध्येच हा अख्खा लाकडी दर्शनी भाग. दरवाजावर पुढे झेपावलेला नक्षीदार सज्जा, त्याला मेघडंबरी म्हणतात. रस्त्याचं नाव थोरल्या बाजीरावांचं, वाडा दुसऱ्या बाजीरावाचा. थोरल्या बाजीरावांचा शनिवारवाडा इथून चालत दहा-बारा मिनिटांवर. त्याचे बुरूज, तट आणि दिल्ली दरवाजा उभे आहेत, पण आत जोती आणि हिरवळ. पुण्यातल्या पेशव्यांच्या वाड्यांपैकी ज्यात आज खांबांमधून चालता येतं, जिना चढता येतं, माडीवर उभं राहून खाली चौकात बघता येतं, तो वाडा बांधला शेवटच्या पेशव्यानं.

शाळेत आम्हाला तो 'पळपुटा बाजीराव' म्हणूनच भेटला. हे नाव इतकं घट्ट बसलं होतं की त्याच्या हौसेनं उभं राहिलेलं काही सुंदर असू शकेल हे मनात यायला मला बरीच वर्षं लागली. १८०२ च्या ऑक्टोबरात यशवंतराव होळकरांनी हडपसरजवळ पेशव्यांच्या आणि शिंद्यांच्या फौजांचा पराभव केला, बाजीराव पुणं सोडून कोकणात उतरला, आणि वर्षाच्या अखेरच्या दिवशी वसईला त्यानं इंग्रजांशी तह केला. पुढच्या मे महिन्यात तो परतला तो इंग्रजांच्या फौजेच्या आधारानं. गादी मिळाली, गादीचा जोर गेला. त्यानंतरच्या वर्षांत त्यानं वाडे बांधले. शुक्रवार पेठेत एक, बुधवार पेठेत एक, आणि हरिपंत फडक्यांच्या बागेच्या जागेवर हा विश्रामबाग. १८०७ च्या सुमारास तो पुरा झाला. खर्च सुमारे २ लाख रुपये. पुढची साधारण दहा-अकरा वर्षं बाजीराव इथे राहिला.

शनिवारवाडा असताना दुसरीकडे का राहायचं? कारणं अनेक असतील, पण त्या वाड्याचा इतिहास आठवला की मला एक कारण पुरतं. १७७३ च्या गणेशोत्सवात तिथे नारायणरावांचा खून झाला, आणि त्या कटाचा डाग बाजीरावाच्या वडिलांवर, राघोबादादांवर होता. १७९५ मध्ये सवाई माधवराव तिथल्याच माडीवरून कारंज्यावर पडून गेले. अशा घरात झोप कशी लागावी? विश्रामबागेला तट नाही, बुरूज नाहीत. लढायचा विचार मनात न ठेवता बांधलेलं घर आहे ते. एखाद्याला त्यात राज्य बुडाल्याची खूण दिसेल. मला मात्र उंबऱ्यावर उभं राहिलं की एवढंच जाणवतं की ज्यानं हे बांधून घेतलं त्याला लाकडातलं कळत होतं, आणि ज्यांनी बांधलं त्यांना तर फारच.

आता खांबाबद्दल. पहिल्यांदा गेले तेव्हा मी बाकी काही पाहिलंच नव्हतं, एका खांबाजवळ उभी राहिले होते. या खांबांना सुरूचे खांब म्हणतात, कारण आकार सुरूच्या झाडासारखा. खाली बुंधा पानापाकळ्यांच्या नक्षीतून वर येतो, तिथे थोडा फुगतो, मग पन्हळी घेत निमुळता होत जातो. वर पुन्हा नक्षीचा कळस, आणि त्याच्या डोक्यावरून दोन्ही बाजूंना महिरप सुटते. महिरपीच्या कडेला अर्धगोल पाकळ्या. वरच्या बाजूनं केळफुलं लोंबतात. खरं केळफूल जसं देठाशी वाकतं आणि टोकाला एक पान सैल सुटलेलं असतं, तसंच. हा आकार मूळचा इथला नाही. मराठे उत्तरेत गेले, तिथले महाल पाहिले, आणि दगडात पाहिलेलं आपल्या सुतारांनी सागवानात उतरवलं. दगडात सुरूचा खांब जड वाटतो. सागवानात तो उभ्या रेषांमुळे इतका हलका होतो की वरच्या माळ्याचं ओझं त्याच्यावर आहे हे विसरायला होतं.

ओझं मात्र भरपूर असतं. वाड्याचं बांधकाम कसं असतं हे मी आमचा वाडा उतरवताना उलट्या क्रमानं पाहिलं. वर कौलं. कौलांखाली रिपा आणि वासे. खाली मधल्या मजल्याची जमीन: तुळयांवर कड्या, म्हणजे बारीक आडवी लाकडं, कड्यांवर फळ्या, फळ्यांवर वीतभर माती आणि त्यावर सारवण किंवा फरशी. त्या मातीमुळे उन्हाळ्यात खालचं माजघर गार राहतं. त्या मातीमुळेच एकेका खोलीचं वजन काही टनांवर जातं. ते सगळं तुळयांवरून खांबांवर, खांबांवरून तळखड्यांवर आणि तिथून जोत्यात उतरतं. भिंती मधे भरलेल्या असतात. खाली दगड, वर पातळ विटा, चुना नाहीतर माती. घराचा खरा सांगाडा लाकडाचा. पानशेतचं धरण फुटलं त्या १२ जुलै १९६१ च्या पुरात नदीकाठच्या पेठांतल्या मातीच्या भिंती विरघळून गेल्या. काही ठिकाणी भिंत गेली तरी वरचा मजला खांबांवर तसाच राहिला होता. आजी हे सांगायची तेव्हा मला ते अद्भुत वाटायचं. आमचा वाडा उतरवताना भिंती आधी काढल्या आणि छत त्या खांबांवर दोन दिवस उभं राहिलं, तेव्हा आजीचं बोलणं डोळ्यांनी दिसलं.

हे असं घर पाण्यानं हळूहळू मरतं आणि आगीनं एका रात्रीत. पुण्यातल्या पेशवाई वाड्यांचा इतिहास लिहायचा तर तो निम्मा आगींचा इतिहास होईल. शुक्रवारवाडा १८२० मध्ये जळाला. शनिवारवाड्याला आधीही आगी लागल्या होत्या, २७ फेब्रुवारी १८२८ ला लागलेल्या आगीत आतलं सगळं गेलं. १० जानेवारी १७३० ला ज्याचा पाया घातला, पहिल्या बांधकामाला १६,११० रुपये लागले, ज्यात पुढच्या प्रत्येक पेशव्यानं भर घातली, ते सगळं. मग १३ मे १८७९ ची रात्र. बुधवारवाडा पेटला आणि भस्म झाला. त्याच रात्री विश्रामबागवाड्यालाही आग लागली आणि पूर्वेकडचा भाग जळाला. पूर्व म्हणजे रस्त्याकडची बाजू. ते वासुदेव बळवंत फडक्यांच्या बंडाचे दिवस, त्यामुळे आधी संशय त्यांच्याकडे गेला. आग लावणारा निघाला एक सरकारी नोकर.

मे महिन्यातलं लाकूड कसं पेटत असेल याची कल्पना करवत नाही. पण जळलेला भाग तसाच सोडला गेला नाही. लोकांच्या वर्गणीतून आणि नगरपालिकेच्या पैशांतून तो पुन्हा उभा केला. बुधवारवाडा परत बांधला नाही, विश्रामबाग बांधला. का? मला वाटतं, तोवर तो पेशव्याचा वाडा राहिलाच नव्हता. गावाचा झाला होता.

तो गावाचा कसा झाला हा मला सगळ्यात आवडणारा भाग. नोव्हेंबर १८१७ मध्ये खडकीची लढाई झाली, बाजीराव पुण्यातून निघाला, १७ तारखेला शनिवारवाड्यावर इंग्रजांचं निशाण चढलं. पुढच्या जूनमध्ये तो इंग्रज अधिकारी माल्कमच्या हवाली झाला आणि ८ लाखांच्या तनख्यावर गंगाकाठी बिठूरला गेला. पुण्याला परत आला नाही. मालक गेलेल्या वाड्यांचं पुढे काय होतं हे आपण गावोगाव बघतो. विश्रामबागेत मात्र ६ ऑक्टोबर १८२१ ला संस्कृत पाठशाळा सुरू झाली. त्यासाठीचा पैसा होता दक्षिणेचा. पेशवे दर श्रावणात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटत. इंग्रजांनी ती एकदम बंद करायचं टाळलं आणि तिच्यातला काही भाग या पाठशाळेकडे वळवला. जिथे पेशव्याचा दरबार भरायचा तिथे न्याय, व्याकरण, ज्योतिष, वैद्यक यांचे पाठ सुरू झाले. कृष्णशास्त्री चिपळूणकर इथले विद्यार्थी. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाला हातभार लावणारे मेजर कँडी या पाठशाळेचे प्रमुख होते. १८५१ मध्ये इंग्रजी शाळा आणि पाठशाळा एकत्र करून पूना कॉलेज झालं, १८६४ मध्ये त्याचं नाव डेक्कन कॉलेज पडलं, आणि १८६८ मध्ये येरवड्याला दगडी इमारत तयार झाल्यावर कॉलेज तिकडे गेलं. इथे मागे राहिलं सरकारी हायस्कूल.

मी हे वाचलं तेव्हा पहिल्यांदा डोळ्यांसमोर आली ती मुलं. सुरूच्या खांबाला पाठ टेकून रूपं घोकणारी. त्यांच्या पाठीच्या घामानं तो खांब तेवढ्या उंचीवर गुळगुळीत झाला असेल. आमच्या वाड्यात ओसरीचा एक खांब तसाच होता. अण्णा, म्हणजे माझे आजोबा, रोज सकाळी त्याला टेकून पेपर वाचत. बाकीचा खांब काळपट, आणि पाठीच्या उंचीला मधासारखा पट्टा.

अण्णांनाही विश्रामबाग माहीत होता, पण वेगळ्या कारणानं. त्यांच्या तरुणपणी तिथे नगरपालिकेची कचेरी होती, १९५० मध्ये महानगरपालिका झाली तीही आधी तिथेच होती. अण्णा घरपट्टी भरायला जात. त्यांच्या बोलण्यात वाड्याची नक्षी कधीच आली नाही. आल्या त्या रांगा, कपाटांवर लाल फडक्यात बांधलेली दप्तरं, लाकडी जिन्यावर चपलांचा आवाज आणि खांबांवर खिळे ठोकून नेलेल्या विजेच्या तारा. मी एकदा त्यांना जरा रागानंच म्हणाले होते, "अण्णा, त्या खांबांवर खिळे ठोकलेले बघून तुम्हाला काही वाटायचं नाही?" ते म्हणाले, "अगं, लोक होते ना तिथे. गळलं की दुसऱ्या दिवशी माणूस वर चढायचा. आपल्या माडीवर कोण चढतं?"

तेव्हा मला ते उत्तर टाळल्यासारखं वाटलं होतं. आता वाटतं, वाड्यांबद्दल इतकं नेमकं मला दुसऱ्या कुणी सांगितलं नाही. कचेरीनं विश्रामबागेला इजा केली यात शंका नाही. फळ्या ठोकून खोल्या पाडल्या, लाकडावर ऑइलपेंटचे थर चढवले, चुन्याच्या भिंतींना सिमेंट फासलं. सिमेंटचं हे दुखणं सगळ्याच जुन्या घरांचं. चुन्याची भिंत ओल आत घेते आणि सोडून देते. वरून सिमेंटचा गिलावा केला की ओल आतच अडकते आणि वाट शोधत लाकडात शिरते. पण त्याच कचेरीमुळे दर पावसाळ्याआधी कुणीतरी छपरावर चढत राहिलं, दारं रोज उघडत राहिली, वारा खेळत राहिला. बंद पडलेल्या वाड्याला वाळवी लागायला दोन पावसाळे पुरतात. लोकांनी भरलेल्या वाड्यात तिला कुणीतरी वेळेवर बघतं. सव्वाशेहून जास्त वर्षं विद्यार्थ्यांनी, मास्तरांनी, कारकुनांनी आणि घरपट्टी भरणाऱ्या माणसांनी हा वाडा वापरला, म्हणून पुढे कुणाला त्याचं जतन करायची बुद्धी झाली तेव्हा जतन करायला तो शिल्लक होता. आमच्या वाड्यातही माणसं होती. पण छत कुणाचं एकाचं नव्हतं, त्यामुळे वर कुणी चढलं नाही.

अलीकडच्या वर्षांत महापालिकेनं विश्रामबागेची टप्प्याटप्प्यानं दुरुस्ती केली. अशी दुरुस्ती कशी होते हे मी एका दुसऱ्या, बऱ्याच लहान वाड्यात जवळून पाहिलं. तिथले मिस्त्री साठीचे, कोकणातले. त्यांच्या हातात लाकडी हातोडी होती आणि ते एकेका खांबाला वरून खाली ठोकत चालले होते. वर ठोकलं की खणखणीत आवाज. गुडघ्याखाली आल्यावर आवाज बद्द झाला. तिथे त्यांनी खडूनं रेघ मारली. मला म्हणाले, "ताई, खांब नेहमी पायातून जातो. डोक्यातून कधी जात नाही." जमिनीतली ओल वर चढते, तळखडा ती अडवतो. पण पुढे कुणीतरी फरशी घालताना जमीन उंच करतं, तळखडा फरशीखाली गाडला जातो, लाकूड ओलीला टेकतं आणि तिथून कुजायला लागतं. आमच्या वाड्यातही ओसरीला शहाबादी घातली होती. मी लहान असताना, मोठ्या हौसेनं.

त्या खांबाच्या दोन्ही बाजूंना टेकू लावून मिस्त्रींनी तुळई जॅकनं केसभर उचलली. केसभरच, त्याहून जास्त उचललं तर वरच्या भिंतीला तडा जातो. मग रेघेपासून कुजका भाग कापून काढला आणि जुन्या सागवानाचा नवा पाय तिरका जोड देऊन बसवला. तिरका का, तर दोन्ही लाकडं जास्त लांबीवर एकमेकांना धरून राहतात. जोडात लोखंडी खिळा घातला नाही, लाकडी खुंट्या मारल्या. नवा पाय थोडा फिकट होता. मी विचारलं, याला रंग देणार का? म्हणाले, "नको. पुढच्या माणसाला कळू दे कुठे जोडलंय ते."

हे पाहिल्यापासून विश्रामबागेत गेले की मी आधी खाली बघते. माडीवरचा दिवाणखाना, महिरपींची रांग, छताची नक्षी हे सगळं नंतर. 'पुनवडी ते पुण्यनगरी' हे शहराच्या इतिहासाचं प्रदर्शन इथे भरवलं, तेव्हा लोक ते बघत होते आणि मी खांबांचे पाय बघत होते. १८७९ च्या आगीनंतर नवं किती झालं, त्याआधीचं किती राहिलं, हे बघणाऱ्याला सहज ओळखू येत नाही, आणि ते मला आवडतं. ज्या सुतारांनी जळलेला भाग पुन्हा उभा केला त्यांची नावं कुठे लावलेली नाहीत, पण त्यांनी पहिल्या सुतारांची धाटणी मोडली नाही.

गेल्या महिन्यात गेले तेव्हा संध्याकाळ होत आली होती. चौकात ऊन फक्त वरच्या सज्जापर्यंत उरलं होतं. रस्त्यावरचे हॉर्न दाराशीच थांबल्यासारखे वाटत होते. मी एका खांबाशी उकिडवी बसून, लाकूड आणि दगड यांच्यामध्ये फट दिसते का ते बघत होते. नखाची कड जाईल एवढी होती. मागून पहारेकऱ्याचा आवाज आला, "काही पडलं का ताई?"

म्हटलं, "नाही हो. खांबाचा पाय बघतेय."

मला वाटलं आता ते वेळ संपल्याचं सांगतील. ते जवळ आले, वाकून त्यांनीही पाहिलं, हातातली किल्ल्यांची जुडी मांडीवर धरून. मग उठले आणि म्हणाले, "त्या कोपऱ्यातला बघा. त्याची पाकळी न् पाकळी शाबूत आहे. चला, दाखवतो."